सोयरिकीत हरलेलं शहर

माझ्या धाकट्या भावाला आणखी एका ठिकाणाहून नकार आला तेव्हा मी ऑफिसात सिंगापूरवरचं पान लिहीत होते. आईचा फोन आला. ती 'हॅलो' वगैरे म्हणत नाही, थेट मुद्द्यावर येते.

"नाय म्हणले."

"कारण?"

"कारण काय, तेच. पोरगं पुण्यात असतं तर बघितलं असतं म्हणे."

फोन ठेवून मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. पाठीशी ना शेती ना खाणी, अशा एका बेटाने बंदर बांधून, लोकांना सरकारी घरं देऊन आणि शिस्त लावून जगाचा व्यापार आपल्या दारात कसा आणला, हे मी चांगल्या भाषेत लिहिलं होतं. पुढच्या पानाचं शीर्षक होतं, 'नाशिकने यातून काय घ्यावं'. त्याखाली अजून एक ओळही नव्हती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. आजोबा अंगठा लावायचे, अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत गेले, आणि मी अर्थशास्त्रात एम. ए. केलं. सकाळी मळ्यात फुलं खुडायची आणि मग बस पकडून कॉलेज. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या हाताला झेंडूचा वास येतो. येतोच. मग? त्याच वासाच्या पैशातून माझी फी जायची.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, कडेने कोथिंबीर-मेथी. माझं लग्न होऊन मी सिडकोत आले, तरी रविवार मळ्यातच जायचा. नोकरी गंगापूर रोडवरच्या एका सल्लागार कंपनीच्या छोट्या ऑफिसात. शहरातल्या काही उद्योजकांनी मिळून आमच्याकडे एक काम दिलं होतं. जागतिक होऊ बघणारी शहरं कशी वाढली, कोणी कोणता रस्ता धरला, आणि त्यांच्या शेजारी नाशिक ठेवलं तर ते कुठे बसतं, याचा अहवाल करायचा होता. तुलनेचा सगळा भाग माझ्याकडे होता. ऑफिसात बाकीचे इंजिनियर, आकडे मांडणारे. वाक्यं लिहिणारी मी एकटी.

खरं सांगते, मला ते काम फार आवडलं होतं. एकेक शहर म्हणजे भाऊबंदकीतला एकेक चुलता वाटायचा, प्रत्येकाची वर यायची रीत वेगळी. बंगळुरूने आधी सरकारी कारखाने आणि संशोधनाच्या संस्था पोसल्या, त्यातून शिकलेली माणसं तयार झाली आणि त्या माणसांच्या मागे कंपन्या आल्या. हैदराबादने शहराचा एक कोपरा निवडला, तिथे रस्ते, वीज, इमारती तयार केल्या आणि मग पाहुण्यांना बोलावलं. दुबईने विमानतळालाच बंदर केलं. कोइमतूर माझं लाडकं. गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करता करता तिथली माणसं स्वतःच यंत्रं बनवायला लागली, पंप बनवायला लागली, बाहेरच्या कोणाची वाट बघत बसली नाहीत. पुण्याचं तर आपल्याला माहीतच आहे. आधी कॉलेजं झाली, मग कारखाने, मग संगणक.

आणि नाशिक? मुंबईला जागा पुरेना म्हणून सातपूर-अंबडला कारखाने आले. मुंबईला भाजी लागते म्हणून आमचे मळे. लोक कौतुकाने मुंबईची परसबाग म्हणतात. परसबाग घराच्या मागे असते, पुढच्या दाराने येणाऱ्या पाहुण्याला ती दिसत नाही. मुंबई-पुणे-नाशिक असा सुवर्णत्रिकोण भाषणात नेहमी असतो. माझ्या तक्त्यात बाकीच्या शहरांपुढे काय झालं ते लिहिलं होतं आणि नाशिकच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'येणार' होतं. पुण्याची रेल्वे येणार. मेट्रो येणार. आयटी पार्क येणार. नक्की आणि वेळेवर येतो तो सिंहस्थ. आत्ताही त्याच्याच कामांसाठी निम्मे रस्ते उकरून ठेवलेत.

आमचे सर पुण्याहून यायचे. माणूस वाईट नाही. ते म्हणायचे, "मॅडम, आपल्याला नाशिक विकायचंय, हे विसरू नका."

मी म्हणायचे, "सर, विकणाऱ्याच्याच घरातली आहे मी."

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात लागलेला. तिथे विजेच्या पॅनेलचे सुटे भाग बनतात, हा तपासणी विभागात. सकाळी अण्णांबरोबर फुलं खुडायची, क्रेट मोटारसायकलला बांधायचे, फुलबाजारात टाकायचे आणि तिथूनच कंपनी गाठायची. अण्णांच्या गुडघ्यांनी राम म्हटल्यापासून बाजार त्याच्याच अंगावर होता. तो नाशकात राहिला तर मळा राहणार, तो गेला तर मळा जाणार, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण प्रत्येकाला माहीत होतं.

त्याला कुठे जायचंही नव्हतं. म्हणायचा, "कंपनीत मशीनचं ऐकतो, मळ्यात अण्णांचं. मला तिसरं कोणी नको."

आई म्हणायची, "मग लग्न कशाला करतो रे, मेल्या?"

नकार गोड भाषेत यायचे. मुलीकडचे नाशिकची इतकी तारीफ करायचे की पुढे काय येणार ते आम्हाला तिथेच कळायचं. हवा काय छान, पाणी काय गोड, ट्रॅफिक नाही, माणसं साधी. पण. एका मुलीचे काका तर सातपूरचेच होते, सगळी हयात नाशकात गेलेली. ते म्हणाले, "आमचं झालं हो नाशकात. पोरीचं कशाला?" घरी येताना सिग्नलला थांबलो तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, आपल्याच नाशिकवाल्याने असं म्हणण्यापेक्षा पुण्याच्या कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

ऑफिसात मी शहरांना किती बाजूंनी मोजत होते! पाणी, रस्ते, कॉलेजं, घरभाडं, झाडं, हवा. नाशिक त्यातल्या काही रकान्यांत चक्क वर होतं. सोयरिकीत मोजायचा रकाना एकच, मुलगा असतो कुठे.

मग लासलगावचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांची तिथल्या बाजारात कांद्याची आडत. मुलगी इंजिनियर, पुण्याला हिंजवडीत नोकरीला, सॉफ्टवेअर तपासते. हल्ली रीत बदललीय, आधी मुलगा-मुलगी भेटतात, मग घरं भेटतात. ती सुट्टीला आली होती, तर मखमलाबाद रोडच्या एका मळ्यातल्या मिसळीच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. सोबत म्हणून मी.

मुलगी मला पाहताक्षणी आवडली. तर्री जास्तीची मागून घेतली तिने. भावाने आपल्या कामाचं सांगितलं, तिने तिचं. मग म्हणाली, "म्हणजे आपण दोघंही दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो." भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी पुढे केलं आणि मनात म्हटलं, जमलं.

तर ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही नाशिकचा रिपोर्ट करताय ना? त्यात माझ्यासारखीला काय आहे?"

"तुझ्यासारखीला म्हणजे?"

"म्हणजे समजा मी लग्न करून इथं आले. तर सोमवारी सकाळी उठून जाऊ कुठे?"

मी म्हटलं, "आयटी पार्कसाठी जागा बघितलीय."

"जागेवर जाऊन बसू?"

तिघंही हसलो. पण तिने प्रश्न सोडला नाही. "घरून काम करता येईल काही दिवस. मग बोलावतातच. बोलावल्यावर कोण जाणार, मी एकटी का हेपण?" भाऊ पापड मोडत बसला. ती त्याला म्हणाली, "मला नाशिक आवडतं हो. लहानपणी त्र्यंबकला आलो की परत जाताना मी रडायचे. पण आवडून काय करू?"

एवढ्या साध्या शब्दांत हे मला अहवालात लिहिता आलं नव्हतं. त्या रात्री मी एक नवीन पान सुरू केलं. विषय होता, शहरातून बाहेर जाणारी माणसं. बाकीच्या शहरांनी मोठं होण्याआधी आपली शिकलेली पोरं धरून ठेवली, किंवा गेलेली परत आणली. आपण त्यांना शिकवतो आणि एसटीत बसवून देतो. असं काहीसं.

पुढच्या महिन्यात मुलीचे वडील आणि मामा घर बघायला आले. आमच्यात घर बघण्याची एक पद्धत आहे. पाहुणे आले की त्यांना पाणी द्यायचं आणि गप्प राहायचं. ते बांधावरून चालतात, गोठ्यात बघतात, विहिरीत डोकावतात. विहीर तर बघायचीच, कारण मुलगी द्यायची ती पाणी बघून. मुलाकडच्यांनी आपल्या जमिनीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. चांगली म्हटलं तर बढाई, वाईट म्हटलं तर अपशकुन. जे आहे ते पाहुण्याने डोळ्यांनी बघायचं आणि चहाला येऊन बसायचं. अण्णांनी ही रीत अगदी पाळली. पाहुणे विहिरीत वाकले तेव्हा ते लांब शेवंतीच्या सरीत उगीच तण उपटत होते.

पाहुणे ओट्यावर येऊन बसले. आडत्याचं अंग भारी, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "पाणी झकास हाय." आईचा जीव भांड्यात पडला.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "राग मानू नका, पन जावई नाशकातच राहनार का?"

भाऊ भिंतीकडे बघायला लागला. अण्णा जमिनीकडे. आई माझ्याकडे.

"ही सांगंल," आई म्हणाली. "हिचं कामच ते हाय. साऱ्या दुनियेची शहरं बघू राह्यली ती."

मामा म्हणाले, "बघायला जाती का?"

"नाय, इथूनच," आई म्हणाली.

मामांनी मिशीत हसून घेतलं. ते हसणं मला झोंबलं. मी सरळ झाले आणि बोलले, आणि चांगलं बोलले. कोणतं शहर आधी काय होतं आणि नंतर काय झालं. बंगळुरू एकेकाळी निवांत पेन्शनरांचं गाव म्हणून ओळखलं जायचं, सुरतेला लोक नाकाला रुमाल लावून जायचे. शहर वर येतं तेव्हा आधी त्याच्याकडे पाणी लागतं, हमरस्ता लागतो, जवळ मोठी बाजारपेठ लागते आणि मोकळी जमीन लागते. नाशिककडे हे चारही आहे. मुंबई भरली, पुणे भरलं, आता पाणी उताराकडेच येणार. बाहेरून वळणरस्ता येतोय, तो याच बाजूने जाण्याची शक्यता आहे. जो आज इथे टिकून राहील त्याला उद्या इथून उठून कुठे जावं लागणार नाही.

आडत्यांनी सगळं ऐकलं. लिलावात ऐकतात तसं, चेहऱ्यावर काही न दाखवता.

"म्हंजी हितनं रस्ता जानार."

"शक्यता आहे म्हटलं मी."

"अन् ह्यो मळा रस्त्याला लागनार."

"लागू शकतो."

ते अण्णांकडे वळले. "मग पाव्हनं, एवढ्या सोन्यात तुमी झेंडू लावून राह्यले?"

अण्णा नखांतली माती काढत राहिले.

"सरळ हाय की. रस्त्याकडचं मोकळं करा. पोराला पुन्यात घर घ्या. पोरगी तिथं हायच, अन् चाकणला कंपन्या काय थोड्या हायेत? ताईच म्हनल्या आत्ता, शहर वर यायला टाइम लागतो. मग जे येऊन गेलंय तिथं पोरगं ठेवायचं, का जे यायचंय तिथं?"

"पण उद्या इथेच..." मी सुरुवात केली.

"ताई, तुमी शिकलेल्या. पन आमी ट्रॉलीत आज जो कांदा हाय त्याचा लिलाव करतो. उद्याच्या कांद्याचा नाय."

मामा खो खो हसले. आईही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. कितीतरी दिवस ती एका बंद दारापुढे उभी होती आणि कोणीतरी तिला बाजूची खिडकी दाखवली होती. उत्तर माझ्याकडे होतं, नाही असं नाही. पण ते उत्तर खरं व्हायला एक पिढी लागणार होती आणि लग्न वैशाखात धरायचं होतं.

तेवढ्यात शेतीची लाइट आली. अण्णा उठले, "मोटर चालू करून येतो" म्हणाले आणि विहिरीकडे गेले. पाहुणे जाईपर्यंत आले नाहीत.

"चालंल," आई म्हणाली. तिने हे सगळ्यांच्या वतीने म्हटलं.

पाहुणे गेल्यावर भाऊ बांधावर उभा होता. मी गेले त्याच्याकडे.

"ताई, तू नाशिककडून बोलत होती का पुण्याकडून?"

"मी जे खरं आहे ते सांगितलं."

"खरं कोणी विचारलं होतं? घर बघायला आले होते, घर बघून गेले असते."

"आणि तो प्रश्न? त्याला काय सांगणार होतास तू?"

"मी म्हणणार होतो, हो, नाशकातच राहणार. बस. त्याच्यावर त्यांनी उठून जायचं तर जायचं." पायाने बांधावरचं ढेकूळ फोडत म्हणाला, "आता कसं म्हणू? आता मला ती मिळती हाय."

नातेवाइकांत अजूनही बोललं जातं की शिकलेल्या पोरीच्या तोंडाने मळा गेला. बोलोत. त्या ओट्यावर मी एक शब्द खोटा बोलले नाही आणि आजही तेच बोलेन. फक्त इतकं समजलंय की जमिनीचं भविष्य जेवढं चांगलं सांगावं तेवढी ती लवकर हातातून जाते. हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडलं असतं. मी वाचलंही असेन.

घरात भांडण झालं नाही. मला वाटलं होतं अण्णा अडतील. आईनेही तयारी ठेवली होती, दोन दिवस ती भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णाच म्हणाले, "पोरगं बिगरलग्नाचं ठेवून झेंडू राखू का मी?" आणि ताक मागितलं. झालं. रस्त्याकडचा मोठा तुकडा एका प्लॉटवाल्याला गेला, घर आणि घरामागची पट्टी राहिली. आम्ही गरीब झालो नाही, हेही सांगायला पाहिजे. उलट. अण्णांच्या खात्यावर त्यांच्या बापजाद्यांनी पाहिले नसतील एवढे पैसे आले, भावाचं पुण्यात घर झालं, आईचे नवे दात झाले. माझ्या तक्त्याच्या रीतीने बघितलं तर आमच्या घराचा विकास झाला. मी तसा विचार करून बघितला आणि तक्ता बंद केला.

अहवाल तेव्हाच पुरा होत होता. सरांनी माझं ते नवं पान वाचलं, चष्मा काढला.

"मॅडम, उत्तम लिहिलंय. काढून टाका."

"का सर?"

"याला निगेटिव्ह म्हणतात. हे वाचून कोण पैसे घालेल इथे?"

"पण सर, बाकीच्या शहरांत आणि आपल्यात फरक हाच आहे. रस्ते आपण बांधू. बांधून होईपर्यंत त्यावरून चालणारे चाकणला गेलेले असतील."

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. मला राग आला तो याचा. चूक म्हणाले असते तर भांडले असते. "बरोबर आहे, पण ते आपलं काम नाही. आपलं काम आशा दाखवणं."

पान निघालं. त्याच्या जागी द्राक्षाच्या मळ्यावर मावळणाऱ्या सूर्याचा फोटो गेला. एका मोठ्या हॉटेलात सादरीकरण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहाबरोबर काजू होते. एक वयस्कर उद्योजक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "फार अभ्यास केलाय तुम्ही. माझ्या दोन्ही मुलांनी हे वाचायला पाहिजे." मी विचारलं, कुठे असतात? एक पुण्यात, एक जर्मनीत. त्यांनाही ते बोलून झाल्यावरच जाणवलं असावं, कारण त्यांनी घाईने काजूची बशी माझ्यापुढे केली.

शेवटच्या पानावर माझं नाव होतं. ते मी अण्णांना नेऊन दाखवलं. बोट ठेवून त्यांनी ते वाचलं, पहिलं नाव, त्यांचं नाव, आडनाव. "मपलं बी नाव आलं," म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात मला मनापासून बरं वाटलेला क्षण तेवढाच.

लग्न झालं. चाकणला एका कारखान्यात भावाला त्याच्याच कामाची नोकरी मिळाली, तीही पटकन, आणि त्याचंही आईला कोण कौतुक. सुरुवातीला तो दर शनिवारी यायचा. रविवारी संध्याकाळी मी त्याला गाडीवर द्वारका चौकात, पुण्याच्या बसला सोडायचे. अहवालात 'नाशिकमधून बाहेर काय जातं' असा एक भाग होता. मी द्राक्षं, कांदा, वाइन, यंत्रांचे भाग असं लिहिलं होतं. रविवारी संध्याकाळी द्वारकेच्या चौकात उभं राहून बघा. पुलाच्या खाली, रिक्षांच्या गर्दीत, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात आईने दिलेला डबा घेतलेली पोरंपोरी. पुण्याची गाडी आली की एकदम पुढे सरकतात. आया काचेतून काहीतरी सांगत राहतात, आतल्याला ऐकू येत नाही, तो नुसती मान हलवतो. मग गाडी नाशिक रोडच्या दिशेने वळते आणि फुटपाथवर फक्त वयस्कर माणसं उरतात. ती एकमेकांकडे बघत नाहीत, रिक्षा शोधतात.

एकदा त्याला विचारलं, "कसं आहे रे तिकडे?"

"बरं हाय." मग म्हणाला, "सोसायटीत टँकर येतो. कंपनीत जायला यायला जेवढा वेळ जातो ना ताई, तेवढ्यात मी इथं फुलं खुडून, बाजार करून, पहिली पाळी गाठायचो. तुझ्या तक्त्यात पुणे वर होतं ना?"

"होतं."

"कशाकशात?"

मी सांगायला लागले. कॉलेजं, कारखाने, नोकऱ्या, सरासरी पगार. त्याने ऐकून घेतलं. "हां, ते हाय," म्हणाला. "खोटं नाय ते." त्याच्या आवाजात राग असता तर मला आवडलं असतं. गाडी आली, तो चढला.

नंतर त्याचं येणं पंधरा दिवसांवर गेलं, मग महिन्यावर. बायकोची शिफ्ट, त्याची शिफ्ट, तिकडचे मित्र. माणूस जिथे राहतो तिथला होतो, त्यात त्याचा काय दोष.

परवा दुपारी मळ्यात गेले होते. मळा म्हणायची सवय जात नाही. समोरच्या तुकड्यावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत, प्रत्येक कोपऱ्यात सिमेंटचा खांब. अजून एकही घर नाही. वळणरस्ताही नाही. घरामागच्या पट्टीत अण्णांनी या वर्षी काही लावलं नाही. बाजारात न्यायला कोणी नाही म्हणतात, आणि ते खरं आहे. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आई देवळात गेली होती. मी चहा केला.

ते खांबांकडे बघत होते. मग म्हणाले, "तू ती सगळी शहरं लिहिली ना. दुबई अन् काय काय."

"हो."

"तिथं फुलं कुठनं येतात गं?"

मी म्हटलं, "विमानाने येतात अण्णा. आफ्रिकेतून येतात, आपल्याकडून पण जातात."

"आपल्याकडून कुठनं?"

"इकडूनतिकडून. पुण्याच्या बाजूला काचघरं आहेत मोठी."

"पुण्याच्या," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. "म्हंजी लावतं कोणीतरी."

"लावतात."

चहा पिऊन त्यांनी बशी पालथी घातली. धाकटा या रविवारी येतोय का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, फोन आला होता, जमत नाही म्हणाला.

"बरं," अण्णा म्हणाले. "पुढच्या वेळी आला म्हंजी त्याला त्या मोटरीचं बघायला सांग. लय दिवस झाले, चालूच केली नाय. जाम झाली असंल."